नव्वद बारला तो द्रव असतो की वायू?

प्रश्न रबाळे एमआयडीसीतल्या एका शिफ्ट इंजिनिअरचा आहे. त्यांच्याकडे कार्बन डायऑक्साइड वापरून लवंगेचं आणि आल्याचं तेल काढायचं छोटं युनिट आहे. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे तेल काढायचं भांडं, ९० बार दाब आणि ४० अंश सेल्सिअसवर लावलेला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : "क्रांतिक दाबाच्या वर द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही, उकळणं नाही, अवस्थाबदल नाही, असं शिकलो. मग आमचं तापमान ३९-४० ला येऊन अडकून का बसतं? बराच वेळ हलत नाही आणि मग एकदम सुटतं. फ्लोमीटरचा आकडा नाचत असतो. पहाटेच्या शिफ्टला तेल चांगलं येतं, दुपारच्या शिफ्टला कमी. मेंटेनन्सवाले म्हणतात कंट्रोलर बिघडलाय, मालक म्हणतात कुठेतरी गळती आहे. खरं काय?"

गळती नाही. कंट्रोलरही बहुधा ठीकच असणार. तुम्ही शिकलात ते चूक नाही, पण ते जिथे थांबतं तिथून पुढे तुमची नोकरी सुरू होते. क्रांतिक दाबाच्या वर उकळणं एका बिंदूवर होत नाही हे खरं. पण ते नाहीसंही होत नाही. ते काही अंशांच्या पट्ट्यात पसरतं. आणि ९० बारला कार्बन डायऑक्साइडचा हा पट्टा नेमका ४० अंशांच्या आजूबाजूला आहे. कार्बन डायऑक्साइडचा क्रांतिक दाब ७३.८ बार आणि क्रांतिक तापमान ३१ अंश. ज्याने कुणी हे सेटपॉइंट, म्हणजे यंत्राला लावून द्यायचे आकडे, ठरवले त्याने ९० हा ७३.८ पेक्षा मोठा आणि ४० हा ३१ पेक्षा मोठा एवढंच पाहिलं असावं. दोन्ही आकडे वर, म्हणजे सुपरक्रिटिकल, म्हणजे झालं. असं करणारे मी बरेच पाहिलेत, सुरुवातीला मीही त्यांच्यातलाच.

थोडं मागे जातो, कारण ही गोष्ट पहिल्यांदा कुणी डोळ्यांनी पाहिली नाही, कानाने ऐकली. १८२२ साली फ्रान्समध्ये कान्यार द ला तूर यांनी बंदुकीच्या नळीसारख्या जाड, बंद नळीत थोडा द्रव आणि गारगोटीची एक गोळी घातली, नळी तापवली आणि ती हलवून आतल्या गोळीचा आवाज ऐकत बसले. द्रव असेपर्यंत गोळी त्यातून जाताना वेगळी वाजायची. एका तापमानाच्या पुढे तो फरक गेला. मग जाड काचेच्या नळीत पाहिलं तर द्रवाचा पृष्ठभागच नाहीसा झालेला. पुढे १८६९ मध्ये बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूज यांनी कार्बन डायऑक्साइडवर मोजमापं करून ही जागा पक्की केली. त्यांचा आकडा होता ३०.९२ अंश, आज आपण ३०.९८ धरतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या काचेच्या नळ्या आणि पाऱ्यावर हा आकडा काढलाय, हे लक्षात आलं की आपल्या कॅलिब्रेशनच्या तक्रारी जरा खालच्या आवाजात कराव्याशा वाटतात.

अँड्र्यूज यांचं महत्त्वाचं म्हणणं वेगळंच होतं. क्रांतिक तापमानाच्या वरचा वायू घ्या, दाब क्रांतिक दाबाच्या वर न्या, मग थंड करा, मग दाब उतरवा. हाती द्रव येतो. आणि या पूर्ण प्रवासात एकदाही थेंब पडलेला दिसत नाही, बुडबुडा दिसत नाही, पृष्ठभाग दिसत नाही. वायूचा द्रव झाला कधी, हे सांगता येत नाही. १८७३ मध्ये लायडनच्या व्हॅन डर वाल्स यांनी याला समीकरण दिलं. पुस्तकं साधारण इथे थांबतात : वर एकच 'सुपरक्रिटिकल फ्लुइड', ना द्रव ना वायू.

आता हे चित्र जरा आपल्याकडचं करून पाहू. ठाणे-बेलापूर रोडवरून पारसिकच्या डोंगराकडे बघा. खाणींनी कापलेल्या जागी उभा कडा आहे. वरचा माणूस आणि खालचा माणूस यांच्यात मधलं काही नाही, एक पाऊल टाकलं की थेट खाली. जिथे खाण गेलेली नाही तिथे डोंगर तोच, उंचीही साधारण तीच, पण उतार. चालत उतरता येतं. क्रांतिक दाबाखालचं उकळणं म्हणजे कडा : १ बारला पाणी १०० अंशांवर एका उडीत वाफ होतं, घनता सोळाशे पटींच्या आसपास पडते. दाब वाढवत गेलात की कड्याची उंची कमी होते. क्रांतिक बिंदूवर कडा संपतो. पण डोंगर संपत नाही. पुढे उतार असतो, आणि सुरुवातीला तो चांगलाच तीव्र असतो. त्या उतारावर सगळ्यात तीव्र जागांना जोडत जाणारी जी रेघ, तिला विडम रेषा म्हणतात, अमेरिकेतले भौतिक-रसायनशास्त्रज्ञ बेंजामिन विडम यांच्या नावावरून. ती कड्याच्याच दिशेने पुढे जाते. तिच्या एका बाजूला कार्बन डायऑक्साइड द्रवासारखा वागतो, दुसऱ्या बाजूला वायूसारखा.

तुमच्या दाबाला हा उतार किती तीव्र आहे ते आकड्यांत पाहा. ९० बारला ३५ अंशांवर घनता घनमीटरला सुमारे ६६० किलो. ४० अंशांवर ४८५. ४५ अंशांवर ३४०च्या आसपास. म्हणजे दहा अंशांत घनता निम्मी. एक्स्ट्रॅक्टरभोवतीच्या जॅकेटमधल्या पाण्याचं तापमान दोन अंश इकडचं तिकडे झालं तरी आतला सॉल्व्हंट बदलून जातो. लवंगेतलं तेल विरघळवायची ताकद मुख्यतः घनतेवर अवलंबून असते, त्यामुळे पहाटे ३८ ला चालणारी बॅच आणि दुपारी ४२ ला चालणारी बॅच या दोन वेगवेगळ्या सॉल्व्हंटच्या बॅच आहेत. लॉगबुकात दोन्हींपुढे '९० बार, ४०' लिहिलेलं असणार, कारण आपले लोक सेटपॉइंट लिहितात, रीडिंग नाही.

तापमान अडकायचं कारणही तेच. साध्या उकळण्यात दिलेली उष्णता सगळी रेणू एकमेकांपासून सोडवण्यात जाते, म्हणून तापमान हलत नाही. तिला शाळेत आपण अप्रकट उष्मा म्हणतो. क्रांतिक दाबाच्या वर ही अप्रकट उष्मा शून्य, असं पुस्तक सांगतं. व्याख्येनुसार बरोबर आहे. पण रेणूंना सोडवायचं काम कुणी माफ केलेलं नाही. थंड बाजूला रेणू एकमेकांना खेटून, शेजाऱ्यांच्या ओढीत अडकलेले. गरम बाजूला मोकळे, क्वचित एकमेकांवर आदळणारे. इकडून तिकडे जायचं तर ती ओढ तोडायची किंमत द्यावीच लागते. फरक इतकाच की ही किंमत आता एका तापमानावर रोख भरायची नसून काही अंशांत हप्त्याने भरायची असते. दिलेल्या उष्णतेतला थोडा भाग तापमान वाढवतो, बराच भाग रेणू सोडवतो. म्हणून त्या पट्ट्यात विशिष्ट उष्मा धारकता प्रचंड वाढलेली दिसते. ८० बारला हे शिखर ३४.७ अंशांवर येतं आणि तिथे एक किलो कार्बन डायऑक्साइड एक अंशाने तापवायला एक किलो पाण्यापेक्षा कितीतरी पट उष्णता लागते. या प्रकाराला संशोधक 'स्यूडो-बॉइलिंग' म्हणतात. मी आमच्या ऑपरेटरना 'दबकं उकळणं' म्हणायचो. शास्त्रीय नाही, पण त्यांच्या लक्षात राहायचं.

हे माझ्या लक्षात कसं आलं तेही सांगतो, कारण किंमत मोजून आलं. याच औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात, मे महिन्यात. आमचा दाब १०० बार होता. १०० बारला हा पट्टा ४५ अंशांच्या भोवती असतो, तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. माल लवंग, तुर्भ्याच्या मसाला मार्केटमधून सकाळीच आलेला. सांगितलं होतं, ५० अंशांवर न्या. दुपारच्या शिफ्टचा ऑपरेटर नवा होता, मुलगा हुशार, आणि त्याने एक चांगली गोष्ट केली : प्रत्येक रीडिंग लिहून ठेवलं. दोन वाजून दहा मिनिटं, ४१. पंचवीसला ४३. चाळीसला ४४.५. पंचावन्नला ४५. तापमान चढत नाही म्हणून तो दर वेळी जॅकेटच्या गरम पाण्याचा व्हॉल्व थोडा थोडा उघडत गेला. तीन वाजता व्हॉल्व पूर्ण उघडा. तीन वाजून पाच मिनिटं, ४९. दहा मिनिटं, ५६.

झालं काय, की पट्टा ओलांडेपर्यंत यंत्राने उष्णता नुसती गिळली. ४० ते ५० या दहा अंशांत १०० बारला जेवढी उष्णता लागते ती ६० ते ७० या दहा अंशांच्या अडीच-तीन पट असते. पट्टा संपताच तीच उष्णता एकदम तापमान चढवू लागली, आणि व्हॉल्व तर पूर्ण उघडा. त्याहून वाईट म्हणजे घनता. ४० अंशांना ६२९, ६० अंशांना २९०. भांड्यात मालाखेरीज १०० लिटर रिकामी जागा धरली तर आधी आत ६३ किलो कार्बन डायऑक्साइड, नंतर २९. दाब १०० वरच ठेवायचा म्हटल्यावर उरलेल्या ३४ किलोंनी जायचं कुठे? दाब धरून ठेवणारा बॅक प्रेशर व्हॉल्व उघडला आणि सगळं सेपरेटरमध्ये, म्हणजे तेल वेगळं करायच्या भांड्यात, घुसलं. सेपरेटर एवढ्या वेगासाठी नव्हताच. तेलाचं धुकं सेपरेटरच्या वरून निघून परतीच्या लाइनमध्ये गेलं, तिथून कंडेन्सरमध्ये. तीन दिवस आम्ही कंडेन्सर उघडून धूत बसलो. शेडला, कपड्यांना, डब्यातल्या चपात्यांना, सगळ्याला लवंगेचा वास. त्या पोराला मेमो द्यायचा विषय निघाला होता. त्याचीच लॉगबुकची पानं टेबलावर ठेवून मी तो थांबवला. ४४.५, ४५ असे सपाट आकडे आणि मग एकदम उडी : हा उकळण्याचाच आलेख आहे, फक्त कोपरे घासलेले, हे मला त्या पानावर पहिल्यांदा दिसलं.

त्या दुपारी पंपाचा आवाज बदलला होता असंही तो म्हणाला होता. तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही.

तर आवाजाबद्दल. आजही द्रवासारखं आणि वायूसारखं यांतला फरक पकडायचा सगळ्यात नाजूक मार्ग आवाजाचाच निघाला. २०१० मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथल्या सिंक्रोट्रॉनवर (क्ष-किरणांचा प्रखर झोत देणाऱ्या यंत्रावर) क्रांतिक दाबाच्या कितीतरी वर नेलेल्या आर्गॉनवर क्ष-किरण सोडून त्यातल्या अतिसूक्ष्म ध्वनिलहरींचा वेग काढला गेला. द्रवात एक गंमत असते : लहर रेणूंच्या अंतराइतकी बारीक होत गेली की ती नेहमीच्या आवाजापेक्षा वेगाने जाते, कारण तेवढ्या क्षणापुरता द्रव घनपदार्थासारखा ताठ वागतो. वायूत असं होत नाही. आर्गॉनमध्ये हा जादा वेग विडम रेषेच्या थंड बाजूला दिसला, गरम बाजूला मावळला. म्हणजे 'एकच सुपरक्रिटिकल अवस्था' हे सोयीचं नाव आहे, आत दोन स्वभाव नांदतात.

इथे एक सावधगिरी. विडम 'रेषा' म्हटलं तरी ती खरोखर एक रेषा नाही. उष्मा धारकतेचं शिखर एका जागी येतं, प्रसरणाचं शिखर जरा दुसरीकडे, दाबतेचं (दाबाने आकारमान किती घटतं त्याचं) आणखी तिसरीकडे. क्रांतिक बिंदूजवळ ही सगळी एकत्र असतात, दाब वाढला की फाकत जातात, जणू एक दोर उसवत जावा. शिखरं बुटकीही होत जातात. क्रांतिक दाबाच्या साधारण तिपटीच्या पुढे दबकं उकळणं रोजच्या कामात जाणवेनासं होतं. म्हणूनच मसाल्याचे अर्क २५०-३०० बारला काढणाऱ्या युनिटना हा त्रास नसतो. ३०० बार, ४० अंशांना घनता ९१० आहे आणि दोन-चार अंशांनी तिला फारसा फरक पडत नाही. फ्रेंकेल रेषा नावाची आणखी एक रेघ आहे. ती रेणूंच्या थरथरण्याच्या पद्धतीवरून काढतात आणि ती खूप उंच दाबापर्यंत जाते. कोणती रेघ 'खरी', यावर अभ्यासकांत वाद आहे. माझं मत विचाराल तर आपल्यासारख्यांनी उष्मा धारकतेचं शिखर धरावं. आपलं पाणी, आपली वाफ, आपलं वीजबिल त्याच शिखरावर ठरतं.

कार्बन डायऑक्साइडसाठी एक घरगुती हिशेब लक्षात ठेवा : ३१ अंश आणि ७३.८ बार इथून सुरुवात, पुढे साधारण दोन बारला एक अंश. ८० ला ३४.७, ९० ला ४०, १०० ला ४५, १२० ला ५३च्या आसपास. भिंतीवर लिहून ठेवा.

आता आपल्या हवेचा भाग, जो युरोपातून आलेल्या मॅन्युअलमध्ये नसतो. ३१ अंश हे तिथे उन्हाळ्याचं तापमान आहे, इथे आपण त्याला 'आज जरा बरं आहे' म्हणतो. कार्बन डायऑक्साइड परत द्रव करून पंपाला द्यायचा तर तो ३१च्या बराच खाली आणावा लागतो. मे-जूनमध्ये तुमच्या कूलिंग टॉवरचं पाणी हाताला गार लागलं तरी त्याचं तापमान मोजून बघा. ते ३१ च्या वर असेल तर त्याच्याने हा वायू द्रव होणार नाही, दाब कितीही वाढवा. फार तर तो दाट होईल, आणि दाट वायूला द्रव समजून पंपाने ओढलं की पंप खडखडतो. चिलर हवाच, आणि चिलरपासून पंपापर्यंतची लाइन उघडी नको. तुमच्या दुपारच्या शिफ्टचं अर्धं दुखणं मला या लाइनमध्ये दिसतंय. पंपात शिरताना ५ अंश असेल तर त्या द्रवाचा बाष्पदाब, म्हणजे ज्याच्या खाली तो उकळू लागतो तो दाब, सुमारे ४० बार, २५ अंश झाला तर ६४. सक्शनचा, म्हणजे पंपाच्या तोंडाशी असलेला, दाब ६० च्या घरात असेल तर पहिल्या वेळी पंप निवांत, दुसऱ्या वेळी पंपाच्या तोंडातच उकळणं. आणि हे खरं, जुनं, बुडबुड्यांचं उकळणं, कारण इथे आपण क्रांतिक दाबाच्या खाली आहोत.

शेडमधल्या सिलिंडरचंही तेच. सिलिंडर लिटरमागे दोन-तृतीयांश किलोने भरलेला असेल तर ३१ ला पोचायच्या आधीच त्यातला द्रव फुगून वरची जागा भरून टाकतो, आणि उन्हात ४० अंशांना आतला दाब १०० बारच्या वर जातो. द्रव किती उरलाय हे हलवून किंवा गेज बघून कळत नाही. वजन करा. आणि सिलिंडर पत्र्याच्या शेडच्या दक्षिण भिंतीला टेकवून ठेवू नका, हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो.

हा विषय नुसता लवंगेचा नाही, म्हणून दोन शब्द पाण्याबद्दल आणि ऑक्सिजनबद्दल. पाण्याचा क्रांतिक बिंदू ३७४ अंश आणि २२०.६ बार. कोराडीच्या वीजकेंद्रात ६६० मेगावॅटचे सुपरक्रिटिकल संच आहेत. अशा बॉयलरमध्ये दाब २४०-२५० बारच्या घरात असतो. जुन्या बॉयलरला वर ड्रम असतो, त्यात वाफ आणि पाणी वेगळं होतं. इथे वेगळं करण्यासारखं काही नाही म्हणून ड्रमच नाही, पाणी एका टोकाने आत आणि वाफ दुसऱ्या टोकाने बाहेर. पण २५० बारला पाण्याचं दबकं उकळणं ३८५ अंशांवर होतंच. ३५० अंशांना घनता ६२५, ४०० अंशांना १६६. धोका असा, की नळीच्या भिंतीलगतचा थर आधी तापून वायूसारखा होतो आणि आतल्या दाट पाण्याभोवती गोधडीसारखा बसतो. उष्णता आत जात नाही, नळीचा धातू तापत जातो. बुडबुडा एकही नाही, तरी परिणाम तव्यावर नाचणाऱ्या पाण्याच्या थेंबासारखा. म्हणून भट्टीच्या नळ्यांना आतून पीळ पाडलेले असतात, पाणी फिरत राहावं आणि तो थर टिकू नये म्हणून. आणि संच सुरू करताना, कमी लोडला, दाब २२० च्या खाली असतो तेव्हा तिथेही जुनं उकळणं असतंच, त्यासाठी वेगळे सेपरेटर ठेवावे लागतात.

ऑक्सिजनचा क्रांतिक दाब ५०.४ बार. इस्रोच्या सीई-२० या क्रायोजेनिक इंजिनाच्या ज्वलनकक्षात दाब ६० बार असतो. त्यामुळे द्रव ऑक्सिजन आत फवारला की त्याचे थेंब होत नाहीत. पृष्ठताणच नाही तर थेंब गोळा कसा होणार? त्याचे धागे सुटतात आणि गरम वायूत विरत जातात, दुधात साय ढवळावी तसे. पण विरताना तो विडम रेषा ओलांडतोच, आणि तिथे तो किती उष्णता गिळतो यावर ज्वाला कुठे धरते हे ठरतं.

तुमच्याकडे परत येतो. तीन रस्ते आहेत. पहिला, दाब ९० च ठेवून तापमान ३३ च्या आसपास न्या. मग तुम्ही द्रवासारख्या बाजूला, घनता ६६० च्या वर. तेल भरपूर येईल, पण त्यासोबत मेण आणि रंगही थोडा जास्त येईल. शिवाय आपल्या उन्हाळ्यात ३३ टिकवायला जॅकेटमध्ये गरम नव्हे, गार पाणी फिरवावं लागेल. दुसरा, तापमान ४० च ठेवून दाब १२० करा. घनता ७१८ होईल आणि दबक्या उकळण्यापासून तेरा अंश दूर राहाल. तेल कसं येतं, नाकाला कसं लागतं, ते दोन-तीन बॅच काढून बघा. मालाची प्रत बदलते आणि ते खरेदीदाराला विचारल्याशिवाय करू नका. भांड्याचा आणि सेफ्टी व्हॉल्वचा डिझाइन दाब आधी बघा, हे न सांगताही तुम्ही करालच. तिसरा, ९० बारला ५० किंवा वर जा. घनता २८५. हलका, वायूसारखा सॉल्व्हंट. फक्त सुगंधी भाग उचलेल, हळू उचलेल. लवंगेच्या अत्तरासारख्या मालाला काही जण मुद्दाम हेच करतात. वेळ आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही जास्त लागतं.

मी तुमच्या जागी असतो तर दुसरा रस्ता धरला असता. पहिल्यात मे महिना आडवा येतो आणि तिसऱ्यात मालक.

कुठलाही घेतला तरी ९० बार, ४० अंश ही जागा सोडा. तिथे कुठलाही कंट्रोलर ट्यून होत नाही, कारण तिथे यंत्राची जडता तापमानागणिक बदलते. ३५ ला बसवलेलं ट्यूनिंग ४० ला मंद पडतं आणि ४६ ला उतावळं होतं. मेंटेनन्सवाल्यांनी कंट्रोलर बदललाच असेल तर जुना फेकू नका.

फ्लोमीटर टर्बाइनचा असेल तर तो आकारमान मोजतो, आणि या पट्ट्यात आकारमानावरून किलो काढणं म्हणजे अंदाजपंचे. कोरिऑलिस मीटर थेट वस्तुमान देतो आणि सोबत घनताही दाखवतो. महाग आहे, पण घनतेचा तो एक आकडा ऑपरेटरसमोर असला तर बाकी सगळं त्याला आपोआप कळतं : ६०० च्या वर द्रवाची बाजू, ३५० च्या खाली वायूची, मधे असेल तर हात आवरता घ्यायचा. मालक मीटरला नाही म्हणाले तर निदान एक्स्ट्रॅक्टरच्या बाहेर पडणाऱ्या लाइनवर चांगला थर्मोवेल (तापमापक आत बसवायची बंद नळी) बसवा. जॅकेटच्या पाण्याचं तापमान म्हणजे आतलं तापमान नव्हे, या पट्ट्यात तर मुळीच नव्हे.

आणि बंद करताना घाई नको. दाब उतरवत ५.२ बारच्या खाली गेलात की आतल्या थंडीने कोरडा बर्फ धरतो, व्हॉल्व जाम होतो, आणि तो तुकडा सुटला की गोळीसारखा येतो. शेडच्या खाली केबलचा चर असेल तर लक्षात ठेवा, हा वायू हवेपेक्षा दीडपट जड आहे. तिथे कुणी उतरायच्या आधी पंखा.

सध्या काही बदलू नका. उद्या पहाटे सहाला आणि दुपारी तीनला, त्याच मालावर, चार रीडिंग घ्या : पंपाच्या सक्शनचं तापमान, सक्शनचा दाब, एक्स्ट्रॅक्टरच्या बाहेरचं तापमान आणि जॅकेटचा व्हॉल्व किती टक्के उघडा आहे ते. सेटपॉइंट नकोत, रीडिंग हवीत. पंपाशेजारी दोन मिनिटं उभे राहून आवाज कसा आहे तेही लिहा. ते आठ आकडे पाठवा, मग मालकांना गळतीबद्दल काय सांगायचं ते ठरवू.